भरतीच्या पोरांमागे पळू नका

वजन ९५ किलो, वय चव्वेचाळीस, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, आणि तरीही पळायला सुरुवात करायची आहे. नांदेड किंवा लातुरातला असा माणूस सल्ला मागायला निघाला तर संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे चार सल्ले जमतात. शेजारी म्हणतो, "गुडघे दुखायलेत अन् पळायलाव? राहिलेली गादीबी जाईल." औषधाच्या दुकानातला मुलगा गुडघ्याचा पट्टा काढून देतो. तालमीत वाढलेले मामा सांगतात, रोज पन्नास बैठका मार, गुडघा कसा होतो बघ. आणि पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या म्हणतो, "काका, उद्या पाचला ग्राउंडवर या." पहिला सल्ला अर्धा चुकीचा आहे, दुसरा निरुपद्रवी, तिसरा अवेळी. चौथा मात्र खरोखर धोक्याचा.

शेजाऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो जे बोलतो तेच आपल्याकडे निम्म्या गावाला वाटतं. गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस. वंगण संपलं की झिजणार, आणि जितका वापर जास्त तितकी झीज जास्त. दवाखान्यात एक्स-रे दाखवून "गॅप कमी झालीय" असं सांगितलं की ही समजूत आणखी पक्की होते. पण आस निर्जीव असतो आणि गुडघा जिवंत. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कुर्चेचा गुळगुळीत थर असतो. तिलाच आपण 'गादी' म्हणतो, आणि काही जण मधल्या दोन चंद्रकोरीसारख्या चकत्यांनाही तेच नाव देतात. या कुर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींना पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला गुडघ्यावर भार यावा लागतो, मग तो सुटावा लागतो. दिवसभर आडत दुकानाच्या गादीवर बसून असलेल्या माणसाच्या गुडघ्याला आराम मिळतो असं वाटतं. खरं तर त्याची उपासमार चाललेली असते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि सहकाऱ्यांनी नियमित पळणारे आणि न पळणारे असे दोन्हीकडचे लोक जवळपास दोन दशकं तपासले. उतारवयात पळणाऱ्यांच्या एक्स-रेमध्ये झीज जास्त दिसली नाही. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणातले आकडे त्याहून बोलके आहेत. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्या खेळाडूंत १३.३ टक्के. म्हणजे अजिबात न पळणं आणि अतोनात पळणं, दोन्ही टोकं वाईट.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे आकडे घेऊन ९५ किलोच्या माणसाला मैदानावर ढकलणारे उत्साही लोकही भरपूर भेटतात. या अभ्यासांतले पळणारे बहुतेक सडपातळ होते. शिवाय ज्याचा गुडघा दुखतो तो पळणं सोडून देतो, त्यामुळे पळणाऱ्यांच्या गटात मजबूत गुडघ्यांचेच लोक उरतात. जड शरीराच्या नवख्यासाठी वेगळी माहिती लागते, आणि ती डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात मिळते. नव्यानेच पळू लागलेल्या ९३० लोकांवर तिथे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) ३० च्या वर होता त्यांना दुखापती जास्त झाल्या. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाचं वजन ९५ किलो म्हणजे बीएमआय जवळपास ३४. शेजाऱ्याचा सल्ला अर्धा चुकीचा म्हटलं, ते म्हणूनच. त्याचा दुसरा अर्धा बरोबर आहे.

जड माणसाचा गुडघा नेमका कशाने कुरकुरतो? स्टीफन मेसियर या संशोधकाने २००५ मध्ये संधिवात असलेल्या जाड, वयस्क लोकांच्या चालण्याचं मोजमाप करून दाखवलं की वजन एक किलोने घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. पाच किलो कमी झाले तर पावलागणिक वीस किलो. किलोमीटरभर चालताना हजाराहून जास्त पावलं पडतात, पुढचा गुणाकार वाचकाने करावा. त्याआधी, १९९२ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध अभ्यासातून दिसलं होतं की ज्या बायकांनी साधारण पाच किलो वजन कमी केलं त्यांच्यात पुढे दुखरा संधिवात होण्याची शक्यता निम्म्याहून खाली आली. गुडघ्याच्या बाबतीत इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं औषध दुसरं नाही.

मग वजन घटवायला पळावं? इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मेसियरच्याच पुढच्या, २०१३ सालच्या अभ्यासात ५५ वर्षांवरचे ४५४ लोक अठरा महिने होते. ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांचं वजन सरासरी दोन किलोही उतरलं नाही. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही केलं त्यांचं दहा किलोहून जास्त उतरलं, आणि वेदनाही सर्वांत जास्त त्यांच्याच कमी झाल्या. कारण सोपं आहे. पळताना साधारण किलोमीटरला किलोमागे एक कॅलरी खर्च होते. ९० किलोचा माणूस तीन किलोमीटर पळाला तर २७० कॅलरी. परत येताना चौकात एक वडापाव आणि गोड चहा घेतला की हिशोब उलटा झाला. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच दीडशे कॅलरी पोटात जातात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण हे मुळात चांगलं जेवण आहे. वजन वाढवतं ते दोन जेवणांच्या मधलं खाणं: फरसाण, भजी, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबरचा चहा. वजन ताटात उतरतं. पळण्याने उतरलेलं वजन उतरलेलं राहतं, दम वाढतो, रक्तातली साखर आटोक्यात येते, मांड्या भरतात. ही कामं कमी महत्त्वाची नाहीत, पण ती वेगळी आहेत.

मराठवाड्याने देशाला दिलेला सर्वांत मोठा धावपटू एकेकाळी वजनाने वाढलेला होता हे फार जणांना माहीत नसतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शाळा सहा किलोमीटरवर, आणि ते अंतर तो लहानपणी चालत-पळत कापायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असे मुक्काम झाले. २०१५ नंतर सैन्याच्या क्रॉस कंट्री संघात आला तेव्हा त्याचं वजन बरंच वाढलेलं होतं. अमरीश कुमार या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने तीन महिन्यांच्या आत जवळपास वीस किलो उतरवले आणि मग तो जोमाने पळू लागला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

या गोष्टीतून क्रम तेवढा घ्यावा, वेग घेऊ नये. विशीतला जवान, दिवसभराचं काम म्हणजेच व्यायाम, जेवण मोजून मिळणारं. त्याला तीन महिन्यांत वीस किलो झेपले. दुकान, शाळा किंवा बँक सांभाळणाऱ्या माणसाने महिन्याला दोन किलो उतरवले तरी उत्तम. साबळेच्या गुडघ्याची पुढची कथाही इथे उपयोगी आहे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याजवळ तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. हा अपघात होता. अस्थिबंध फाटणं आणि गादी झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे 'पळून पळून गुडघा गेला' या एकाच वाक्यात दोन्ही बसवतात.

आता मामांच्या बैठका. लातूर हा रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा, इथे तालमीचा शब्द सहजासहजी मोडवत नाही, आणि मूळ विचार बरोबरच आहे. गुडघ्याला स्वतःची ताकद नसते; त्याला सांभाळतात मांडीचे, कुल्ल्याचे आणि पोटरीचे स्नायू. ते बळकट असले की पावलाचा धक्का तेच झेलतात. चुकतो तो प्रकार. पूर्ण खाली जाऊन मारलेल्या बैठकीत वाटीच्या मागच्या भागावर जबर दाब येतो, आणि जड शरीराच्या नवख्याची दुखण्याची जागा नेमकी तिथेच असते. जिना उतरताना, सिनेमाभर बसून उठताना, उकिडवं बसल्यावर वाटीच्या आसपास जे दुखतं ते हेच. म्हणून आधी खुर्ची घ्या. छातीवर हात बांधून खुर्चीवरून उठा-बसा, दहा वेळा, थांबून पुन्हा दहा वेळा. आडवं पडून एक पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं (योगवर्गातले लोक त्याला सेतुबंधासन म्हणतात), भिंतीला हात लावून टाचा उचलणं, आणि थोडी ताकद आल्यावर घराच्या बुटक्या पायरीवरून सावकाश उतरणं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. कंटाळवाणं आहे, कबूल. पण पळण्याचा निम्मा व्यायाम हाच आहे, आणि तो करायला पहाटे उठावं लागत नाही. या काळात मांडी घालून तासन्‌तास बसणं आणि उकिडवं बसणं थोडं कमी केलं तर बरं. कायमचं सोडण्याची गरज नाही.

पट्ट्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्याने धीर येतो, ताकद येत नाही. बांधायचा तर बांधा. मात्र पळण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची सवय कोणी लावत असेल तर ती ठामपणे नाकारा. गोळीने वेदना दबते आणि वेदना हाच तुमच्याजवळचा एकमेव मीटर आहे.

आणि आता पुतण्या. पहाटे नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी स्टेडियमवर किंवा लातूरच्या जिल्हा क्रीडा संकुलावर गेलात तर भरतीची पोरं दिसतील. त्यांचं लक्ष्य ठरलेलं असतं: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि वेळेनुसार गुण. विशीतली हलकी शरीरं, डोळ्यांसमोर नोकरी, त्यामुळे ती पहिल्या पावलापासून जीव तोडून पळतात. नवखा मध्यमवयीन माणूस यांच्या शेजारून पळू लागला की आपोआप त्यांचा वेग धरतो. लाजच वाटते ना. चारशे मीटरवर छाती फुटायला येते, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो आणि 'पळणं आपल्यासाठी नाही' हा निकाल घरी जाहीर होतो. मी तर म्हणेन, पहिले सहा महिने ट्रॅकवर जाऊच नका. नांदेडकरांना विष्णुपुरीकडचा विद्यापीठाचा परिसर आहे, लातूरकरांना नाना-नानी पार्क आहे, आणि कोणत्याही वस्तीत एखादा सपाट, कमी वाहतुकीचा रस्ता असतोच. रस्ता मऊ की कडक याची चिंता लोक फार करतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सपाट असावा. काळ्या रानातली पायवाट मऊ असते खरी, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाय रुतवते. मुरुमाचा दाबलेला रस्ता मिळाला तर सोनं.

पळण्याआधी चालणं. सलग अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. हे सहा ते आठ आठवडे जमलं, जिना उतरताना कळ येत नाही, हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठता येतं, अशी स्थिती आली की पळायला हरकत नाही. सुरुवात मात्र अर्ध्या मिनिटाची. तीस सेकंद पळा, दोन मिनिटं चाला, असं सहा-सात वेळा. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदाच.

जगभर गाजलेला 'काउच टू फाइव्ह के' हा कार्यक्रम याच तत्त्वावर आहे. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तो आखला. आपल्या आईलाही पळता यावं हा त्यामागचा एक हेतू होता. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, आणि नऊ आठवड्यांत अर्धा तास पळायचं. कल्पना उत्तम, पण जड शरीराला त्याची चढण फार उभी आहे. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी तो सलग वीस मिनिटं पळायला सांगतो! ९५ किलोच्या माणसाने त्यातला प्रत्येक आठवडा दोनदा किंवा तीनदा करावा. नऊ आठवड्यांचे वीस-पंचवीस आठवडे झाले म्हणून कोणी पारितोषिक काढून घेणार नाही. दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा, हा प्रसिद्ध नियमही दगडावरची रेघ नाही. नेदरलँड्समध्ये नवख्यांवर तो तपासला तेव्हा सावकाश वाढवणाऱ्या आणि नेहमीच्या गटात दुखापतींचं प्रमाण सारखंच, सुमारे वीस टक्के, निघालं. आकड्यापेक्षा गुडघ्याचं ऐकणं शहाणपणाचं.

ते ऐकायचं कसं? शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरा. पळताना दोन-तीनपर्यंतची कुरकुर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच असेल तर ठीक. जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी अर्धंच करा. पूर्ण बंद करू नका, चालत राहा. पण गुडघा सुजला, अडकला, अचानक दगा देऊन वाकला, रात्री झोपेतही दुखू लागला किंवा गरम लागत असून ताप आला, तर प्रयोग थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, सुरुवातीआधीच आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावं. छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर तिथेच बसावं आणि त्याच दिवशी तपासून घ्यावं.

एक गमतीची गोष्ट: पळणं आणि चालणं यांत गुडघ्यावर येणारा भार पावलागणिक पाहिला तर पळण्यात तो जवळपास तिप्पट असतो. पण पळताना ढांग लांब पडते, पाय जमिनीवर कमी वेळ टेकतो आणि पावलं कमी लागतात. रॉस मिलर या संशोधकाने २०१४ मध्ये हिशोब मांडला तेव्हा तेवढ्याच अंतराला दोन्हींचा एकूण भार जवळपास सारखाच आला. दुखऱ्या गुडघ्याला मात्र एकूण बेरजेपेक्षा प्रत्येक धक्क्याचा शिखरबिंदू जास्त जाणवतो. तो कमी करायची सोपी युक्ती आहे: ढांग आखूड ठेवा, पावलं थोडी भराभर टाका. त्याच वेगाने पळताना पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो हे २०११ च्या एका प्रयोगात मोजून दाखवलं आहे. बघणाऱ्याला हे पळणं नव्हे, घाईत निघालेल्या माणसाचं चालणं वाटेल. वाटू द्या.

बुटांवर फार खर्च नको. 'तुमचा तळवा सपाट आहे, खास बूट लागतील' असं दुकानात सांगतात. डेन्मार्कच्याच नवख्यांना साधे बूट देऊन पाहिलं तर तळव्याच्या ठेवणीचा दुखापतींशी संबंध दिसला नाही. पायाला बसणारे, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडणारे साधे पळण्याचे बूट पुरे. मात्र चपलेत पळू नका. बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या ३ किलोमीटर गटात नऊवारी नेसून अनवाणी पळालेल्या लता भगवान करे यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची दखलही घेतली गेली. पण त्या आजारी नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी पळाल्या, आणि त्यांचे पाय आयुष्यभराच्या कष्टाने घडलेले होते. गाडीतून उतरलेल्या तळव्यांनी त्यांची बरोबरी करायला जाऊ नये. त्यांच्याकडून घ्यायचं ते दुसरंच: लोक काय म्हणतील याची त्यांनी फिकीर केली नाही. आपल्याकडे जाड बाईने रस्त्यावर पळणं हा अजूनही तमाशाचा विषय होतो. दोघी-तिघींनी मिळून निघालं तर बघणाऱ्यांची जीभ लवकर थकते, आणि कुत्रीही जरा लांब राहतात.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा, आणि तो इथे खरोखर महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातुरात पारा चाळिशी ओलांडतो, सूर्य पावणेसहाच्या सुमाराला वर येतो आणि सातला चटका बसतो. जड शरीरातली उष्णता बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे नवख्याने उन्हाळ्यात पळायला सुरुवात करणं शहाणपणाचं नाही. चालणं आणि खुर्चीच्या उठबशा दसऱ्यापासून सुरू करा, पहिलं अर्ध्या मिनिटाचं पळणं डिसेंबरात. मार्चपर्यंत सलग पाच मिनिटं पळता आलं तरी पुरेसं आहे. उन्हाळा पहाटेच्या चालण्यावर काढा, आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावला की जिथे सोडलं होतं त्याच्या दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरुवात करा.